डागी सुगडं

आमच्या मास्तरांचा एक मित्र डोंगरांची चित्रं काढायला म्हणून आमच्याकडे येऊन राहिला. दसऱ्याला आला तो पौष लागेपर्यंत हलला नाही, आणि एवढ्या मुक्कामात त्याने एकही डोंगर काढला नाही. मास्तर म्हणजे माझे यजमान. भोरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि रोज सायकलने जायचे-यायचे. आमचं गाव भोरहून आंबवड्याला जाताना दीड कोसावर. घरात आम्ही दोघंच, थोडी भातखाचरं, ती अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकावर, कुळाला लावलेली. लढाई सुरू होऊन वर्ष झालेलं. रॉकेल मिळायची मारामार होती, पण पाहुण्याचे रंग मुंबईहून व्यवस्थित येत होते.

दोघं मुंबईला एकत्र शिकलेले. मास्तर परत आले आणि पोरांना फळ्यावर तांब्या-भांडं काढायला शिकवू लागले. मित्र मुंबईतच राहिला आणि मोठा झाला. मोठा म्हणजे काय झाला ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. त्याची चित्रं कोणी विकत घेत नव्हतं, पण त्याच्याविषयी बोलायचे सगळे खालच्या आवाजात. मास्तर तर त्याच्यासमोर मांडी घालून बसत आणि शाळेत त्यांच्यापुढे पोरं जशी माना हलवत तशी मान हलवत.

"डोंगर दिसतो तसा काढायचा तर फोटोवाला काय वाईट?" पाहुणा म्हणायचा. "मी डोंगर काढत नाही, वहिनी. मी ऋतू काढतो."

काढा बापडे. माझ्या भाकऱ्या गरम असेपर्यंत काय वाटेल ते काढा. सकाळी उन्हं वर आली की हा ओट्यावर फळी मांडायचा, समोरच्या डोंगराकडे तासभर डोळे बारीक करून बघायचा आणि मग डोंगराकडे पाठ करून रंग फासायचा. पिवळ्यावर तांबडा, तांबड्यावर करडा. तीन महिन्यांत त्याने सहाही ऋतू काढले. वसंत त्याने हेमंतात काढला, आणि तोही आमच्या म्हशीच्या गोठ्याकडे तोंड करून.

एकदा आमची खाचरं करणारा कुळवाडी भाताचं पोतं घेऊन आला. ओट्यावर चित्र वाळत ठेवलेलं होतं. खाली मातकट रंग, त्यावर काळे चौकोन, वर राखेसारखा एक पट्टा. तो पोतं खाली ठेवून बघत उभा राहिला.

"राब भाजल्याती व्हय?" म्हणाला.

बरोबर होतं. चैत्र-वैशाखात भाताच्या रोपासाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. वेल्ह्यापर्यंतच्या सगळ्या उतारांवर तेव्हा असेच काळे चौकोन दिसतात. मला वाटलं, पाहुणा खूश होईल. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. दुपारी बघते तर त्याने त्या सगळ्यावर निळा रंग चढवलेला. मी विचारलं तर म्हणाला, "फार उघड झालं होतं." चित्र ओळखू आलं म्हणून बिघडलं, असा हा शहाणा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. आलेला पाहुणा आठवणीत राहतो तो त्याने काय खाल्लं म्हणून, आणि मी कधीच विसरून गेले असते. पण एके दिवशी तो फिरत फिरत कुंभाराच्या घराकडे गेला आणि तिथल्या उकिरड्यातून एक मडकं उचलून घेऊन आला.

आमच्या गावात कुंभाराचं घर एकच. नवरा-बायको, दोघंही पन्नाशी ओलांडलेली, पोटी एक मुलगी, ती वेल्ह्याकडे दिलेली. त्या घराचा आणि गावाचा करार कुठे लिहिलेला नव्हता, पण लहान पोरालाही माहीत होता. अक्षय्य तृतीयेला पाणी भरायच्या मातीच्या केळी, बेंदराला मातीचे बैल, नवरात्राला घट, दिवाळीला पणत्या आणि संक्रांतीला सुगडं, हे सगळं कुंभाराने घरोघर पोचवायचं. त्याबद्दल खळ्यावर भात झोडून झालं की त्याचं बलुतं वेगळं काढायचं. पाहुणा ऋतू ऋतू म्हणून गळा काढायचा. त्या घराला ऋतू पाठ होते, कारण एक ऋतू चुकला की वर्षाचं खाणं चुकत होतं. विशेषतः संक्रांत. भोगीच्या सकाळी कुंभारीण टोपली घेऊन दारोदार येणार आणि प्रत्येक सवाष्णीला पाच काळी सुगडं देणार, हा नेम. तो ज्या वर्षी मोडेल त्या वर्षी गाव दुसऱ्या गावचा कुंभार लावायला मोकळं. आणि पलीकडच्या गावचा एक कुंभार, तीन पोरांचा बाप, आमच्या गावावर डोळा ठेवूनच होता.

पाहुण्याने आणलेलं मडकं डागी होतं. डागी म्हणजे भट्टीत बिघडलेलं. काळी मडकी करायची तर भट्टी पेटली की ती ओलं गवत, भाताचं तूस आणि चिखल यांनी गच्च लिंपतात. धूर आत कोंडतो आणि मडकं काळं होतं. दोन दिवस थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. कुठे भोक पडलं आणि वारा शिरला तर तेवढ्या जागी मडकं तांबडं पडतं. असलं मडकं कोणी घेत नाही. कुंभार ते फेकतो, नाहीतर कोंबड्यांना पाणी ठेवायला देतो.

पाहुण्याने ते आमच्या देवळीत ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिला. "मी तीन महिने जे शोधतोय," तो म्हणाला, "ते त्या कुंभारणीने नकळत केलंय. हा बघा उन्हाळा उतरतोय. ही पहिली सर. हे आकाश."

मास्तर म्हणाले, "वा!"

मला धुराचा डाग दिसत होता. तसं म्हटलं तर दोघंही माझ्याकडे कीव केल्यासारखे बघू लागले. खरं सांगते, तेव्हा मला राग नाही आला, लाज वाटली. मी मराठी सातवी झालेली, गावात वर्तमानपत्र वाचणारी एकटी बाई. या दोघांना दिसतं आणि मला दिसत नाही म्हणजे काय? दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना मी ते मडकं उन्हात नेऊन फिरवून फिरवून बघितलं. आणि हळूहळू मला दिसायला लागलं. खांद्यावर काळं, खाली नारिंगी, मधे एक भुरकी रेघ, जशी ऐन पावसाळ्यात डोंगराच्या कमरेला ढगाची असते. सुंदर होतं. अजूनही माझं तेच मत आहे. मात्र ज्या दिवशी ते मला सुंदर दिसलं त्या दिवसापासून माझ्या डोक्यात वारं शिरलं. विहिरीवर बायकांना मी मडक्यातला आषाढ समजावून सांगू लागले. त्या ऐकून घेत. मास्तरीणबाई बोलतेय म्हटल्यावर करणार काय?

पुण्याला माघात कुठल्याशा रसिक मंडळींनी चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. पाहुण्याला आपल्या चित्रांखाली तसली डझनभर मडकी मांडायची होती. त्याने कुंभाराला जाऊन सांगितलं की मला मडकी बिघडवून दे. कुंभाराने नमस्कार केला आणि चाक फिरवत राहिला. मास्तर गेले, त्यांनाही नमस्कार मिळाला. त्या घरी चाक पुरुषाचं आणि भट्टी बाईची अशी वाटणी होती. भट्टी कधी लिंपायची आणि कधी उघडायची ते कुंभारीण सांगणार. तेव्हा दोघा कलावंतांनी मला पुढे केलं. आणि मी गेले. नुसती गेले नाही, नेसूचं बदलून गेले.

कुंभारीण अंगणात सुगडं उन्हाला मांडत होती. शे-दीडशे असतील, मुठीएवढी, अजून ओली. मी तिला मावशी म्हणायची. काठीसारखी उंच बाई, बोलणं तुटक. मी तिला सगळं समजावलं. पुणं, प्रदर्शन, नाव, डागातला आषाढ. तिचे हात थांबले नाहीत.

"बिगडवायचं म्हंजी भट्टी मधीच उगडायची," ती म्हणाली. "जळाण कुठंय? अवकाळीनं गवऱ्या भिजल्या. एकच भट्टी व्हईल औंदा. त्याच्यात ही सुगडं भाजायची हाईत."

"मग त्यातच भाजा की दोन्ही."

"आन सुगडांवर डाग पडलं तर?"

"पडू देत. उलट शोभा येईल. मुंबईचा माणूस पाया पडतोय त्या डागांच्या."

"मुंबईचा मानूस वान लुटतुया का?"

मी हसले. उत्तर नसलं की शिकलेली माणसं हसतात. मग मी म्हणाले, "मावशी, काळं सुगडच लागतं असं कोणत्या पोथीत लिहिलंय? बायका बघून बघून शिकतात. मी घेतली की सगळ्या घेतील."

तिने पहिल्यांदाच मान वर केली. "तुमी घ्याल?"

"घेईन की. पहिली पाच माझी."

"डागी?"

"डागीच."

 ती चाकाशी बसलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मास्तरीणबाई घ्येनार म्हनत्यात." कुंभाराने चाकाला आणखी एक फेरा दिला. बोलायचं तेव्हा तो कधीच बोलायचा नाही. पुढे एकदा मला राग येऊन वाटलं की त्याने त्या दिवशी मला चार शिव्या घालून हाकललं असतं तर काय बिघडलं असतं. पण दुसऱ्याने आपल्याला वेळेवर अडवलं नाही म्हणून चिडणं, हाही शहाण्यांचाच धंदा.

भट्टी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा हातात छडी घेऊन उभा राहिला आणि "इथे उघडा, आता इथे" असं सांगू लागला. लिंपण फोडलं की आतून भपकन धूर येई, पाहुणा खोकत मागे सरे आणि पुन्हा पुढे येई. कुंभारीण पदराचा बोळा तोंडाशी धरून तो सांगेल तिथे फोडत होती. मी तिच्याजवळ उभी होते, आणि मला आठवतं, मला फार आनंद झाला होता. आपल्या गावात काहीतरी नवीन घडतंय आणि ते आपल्यामुळे घडतंय असं वाटत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा ते कोण सांगणार?

मडकी निघाली ती पाहुण्याच्या मनासारखी. त्याने बारा निवडली, गवतात बांधली, सगळ्यांचे आभार मानले, माझ्या भाकऱ्यांची स्तुती केली आणि दुसऱ्या दिवशी कापूरहोळला जाऊन मोटार पकडली. सुगडं सगळी चट्ट्यापट्ट्यांची झाली होती. एकही पुरतं काळं नव्हतं. कुंभारणीने चार सुगडं तुसात घालून पुन्हा धुरी देऊन बघितली, त्यातली दोन तडकली. जळणही संपलं होतं. भोगी सहा दिवसांवर.  विहिरीवर मला भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "पैली तुमच्याकडं येत्ये."

"या की," मी म्हणाले.

गावातल्या बायकांत कुजबुज सुरू झालीच होती. डागी सुगड सवाष्णीने देवापुढे मांडू नये, कुंकवाला डाग लागतो. कोणी म्हणायचं, तसं काही नाही. मग सगळ्यांचं एकमत झालं की मास्तरीणबाई काय करते ते बघू. मी ऐकलं आणि मला मनातून गुदगुल्या झाल्या. अडाणी बायका, म्हटलं. दाखवते यांना.

आणि भोगीच्या चार दिवस आधी मास्तरांना हिवताप भरला.

हिवताप आमच्या खोऱ्यात काही नवलाचा नव्हता. दर थंडीत घरात एखादं माणूस कुडकुडत पडायचंच. भोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी क्विनाइन दिलं आणि आठवड्यात उठतील म्हणून सांगितलं. मला सगळं कळत होतं. तरी मास्तरांचे दात वाजायला लागले, त्यांच्या अंगावर मी घरातली सगळी पांघरुणं टाकली, आणि पांघरुणांसकट ते हलायला लागले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आलं ते एकच. तांबडा चट्टा पडलेलं सुगड. तो आषाढ नव्हता, ते आकाश नव्हतं, तो नुसता डाग होता. मला भीती वाटली. उगाच सभ्य शब्द शोधत नाही, मी घाबरले. मी, जिने विहिरीवर व्याख्यानं दिली होती.

नसरापूरच्या बाजाराला जाणाऱ्या आमच्या कुळवाड्याला मी हळूच सांगितलं, पाच सुगडं आण, काळी बघून आण, आणि कोणाला बोलू नको. त्याने पोत्यात गुंडाळून आणली. मी ती स्वयंपाकघरात पाटाखाली ठेवली आणि पुढून सूप आडवं टेकवलं. एवढी अक्कल मला बरोबर सुचली.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या भोगीला गावात एकाही घराने कुंभारणीची सुगडं घेतली नाहीत. ज्यांना जमलं त्यांनी पलीकडच्या गावच्या कुंभाराकडून आणली, आणि पुढल्या वर्षी खळ्यावर बलुतं त्याला निघालं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती दोघं नवरा-बायको चाक मोडून, गाढवावर सामान घालून लेकीकडे वेल्ह्याला निघून गेली. भोगीनंतरच्या माघातच पाहुण्याचं पत्र आलं की प्रदर्शनात लोकांनी चित्रांपेक्षा मडक्यांचीच वाखाणणी केली. त्यावर तो थोडा नाराज दिसला. मडकी भाजणारीचं नाव त्याने कोणाला सांगितलं होतं की नाही, ते पत्रात नव्हतं. नाव त्याला माहीतच नव्हतं म्हणा. मास्तर बरे झाले, त्यानंतर तीस वर्षं जगले आणि दर वर्षी त्यांना हिवताप आला, सुगडं काळी असूनही.

भोगीच्या सकाळी कुंभारीण म्हणाल्याप्रमाणे पहिली माझ्याकडेच आली. मी ओट्यावर तीळ निवडत बसले होते. समोरच्या दोन घरांतल्या बायका दारात उभ्या होत्या, झाडू हातात घेऊन, पण झाडत नव्हत्या. तिने टोपली ओट्यावर उतरवली. वर फडकं झाकलेलं होतं ते काढलं. तिने त्यातल्या त्यात चांगली वर ठेवली होती. चांगली म्हणजे कमी डागांची नव्हेत. त्या पाहुण्याने आणि मी शिकवल्याप्रमाणे चांगली: काळ्यातून नारिंगी उतरलेली, मधे भुरकी रेघ असलेली. ते तिने मनाशी धरलं होतं. मला ते बघवेना.

"मास्तरांचं कसं हाय?" तिने विचारलं.

"ताप आहे अजून."

"उतरंल." मग ती पाच सुगडं एकेक करून ओट्यावर मांडू लागली.

"मावशी," मी म्हणाले, "यंदा राहू दे."

तिचा हात तिसऱ्या सुगडावर होता. तो तसाच राहिला.

"फार सुंदर आहेत हो," मी म्हणाले. आवाज माझाच, पण ऐकताना किळस आली. "ती प्रदर्शनात शोभतील. पूजेचं वेगळं असतं. आणि हे आजारी, तेव्हा मनाला बरं वाटेना..."

 समोरच्या एका दारातला झाडू हलायला लागला. दुसऱ्या दारातली बाई आत गेली. गावाचं ठरलं होतं.

तिने मांडलेली सुगडं परत टोपलीत ठेवली. मग पाणी मागितलं. मी घाईघाईने उठून आत गेले, आणि ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. तांब्या उचलताना माझ्या पदराला अडकून सूप सरकलं. पाटाखाली पाच काळी सुगडं होती.

ती खाली बसली. हात लांब करून तिने त्यातलं एक उचललं, उजेडाकडे धरून फिरवलं, आतून बोट घातलं, आणि बोटाच्या पेराने त्यावर दोनदा टकटक केलं. मडकं पक्कं भाजलंय की नाही ते आवाजावरून कळतं. तिने कान देऊन ऐकलं.

"बरी हाईत," ती म्हणाली. "चांगली भाजल्यात." आणि जिथलं तिथे ठेवून दिलं.

पाणी ती प्यायली. बाहेर येऊन तिने डोक्यावर चुंबळ ठेवली. टोपली भरलेलीच होती, एकटीला उचलेना.

"मास्तरीणबाई, जरा हात लावा," ती म्हणाली.

मी लगेच पुढे झाले आणि टोपली उचलून तिच्या डोक्यावर दिली.